फाईल नको, गिऱ्हाईक दाखवा

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर

विषय : उद्योजकतेच्या असाइनमेंटबाबत

महोदय,

सेमिस्टर संपायला पंधरा दिवस उरले की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक वेगळाच उद्योग सुरू होतो. मसाला उद्योग, मशरूम, अगरबत्ती, दुग्धव्यवसाय, ब्युटी पार्लर, कुठलाही 'प्रोजेक्ट' तयार असतो. नाव आणि रोल नंबर बदलायचा, स्पायरल की हार्ड बाइंडिंग ते सांगायचं, पैसे द्यायचे. पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे आभार, मग उद्योजकतेच्या चार-पाच व्याख्या, मग 'स्वॉट'ची चौकट आणि शेवटी पन्नास जणांनी भरलेली प्रश्नावली, जिच्यातली पन्नासही उत्तरं एकाच पेनाने लिहिलेली. त्या दुकानदाराने भांडवल गुंतवलेलं असतं, हंगाम ओळखलेला असतो, गिऱ्हाईकाची नड हेरलेली असते. उद्योजकतेच्या त्या विषयात खरा पास होणारा बहुधा तोच.

हे एका कॉलेजचं किंवा एका विद्यापीठाचं गाऱ्हाणं नाही, महाराष्ट्रभर असंच चाललेलं आहे. पत्र आपल्याला लिहिण्याचं कारण एवढंच की दुरुस्ती सुरू करायला आपल्याइतकी सोयीची जागा दुसरी दिसत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने पदवीची चौकट बदलली. मुख्य विषयाच्या जोडीला व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी नवी खाती उघडली. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. दोन क्रेडिटचा विषय धरला तर 60 तास होतात. साठ तासांत माणूस काहीतरी विकून पाहू शकतो, त्यात तोटा खाऊ शकतो आणि तो का झाला हे मांडूही शकतो. पण खाती नवी आली तरी त्यांत टाकायला आपल्याकडे जुनीच फाईल आहे.

हर्सूलचं उदाहरण घेऊ. जळगाव रोडने अजिंठ्याकडे निघालं की शहर सुटता सुटता लागणारं हे गाव आता महापालिकेतच मोडतं. इथे तलाव आहे, मध्यवर्ती कारागृह आहे, हर्सिद्धी देवीचं देऊळ आहे, नव्या कॉलन्या आहेत आणि त्या कॉलन्यांतून रोज शहरातल्या कॉलेजांना जाणारी मुलंमुली आहेत. समजा, त्यांतली एक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला असाइनमेंट मिळते : 'आपल्या परिसरातील व्यवसायसंधी शोधून प्रकल्प अहवाल लिहा.' ती मशरूमवर लिहिते. का? कारण मोठ्या बहिणीच्या मैत्रिणीची मशरूमची फाईल घरात पडून आहे. तिने मशरूम उगवताना पाहिलेलं नसतं आणि गल्लीत कुणी मशरूम खात नसतं, तरी तिसऱ्या वर्षाअखेर नफा किती ते अहवालात दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेलं असतं.

हीच असाइनमेंट वेगळ्या शब्दांत दिली तर? 'घरापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात, ज्यांची कुठलीतरी अडचण आहे आणि ती सुटली तर जे दहा रुपये देतील, अशी माणसं शोध.' मग तिला मशरूम सोडून कारागृहाच्या रस्त्यावर जावं लागेल.

मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक आपल्या माणसाला भेटायला इथे येतात. पहाटे निघालेले असतात. हातात पिशवी, कडेवर मूल, खिशात आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स आहे की नाही याची धाकधूक. मोबाइल आत नेता येत नाही. मग तो ठेवायचा कुठे? पिशवी कुणाजवळ द्यायची? अर्ज कुणी भरून देईल का? नंबर लागेपर्यंत लहानग्याला काय खाऊ घालायचं? आज तिथे कोणती सोय आहे, कोणती नाही, कुठल्या टपरीवाल्याने हे काम आधीच अंगावर घेतलंय, हे तिने स्वतः उभं राहून पाहायचं आणि विचारायचं. व्यवसायसंधी शोधणं म्हणतात ते हेच.

आता ती वहीत हिशेब मांडते. मोबाइल ठेवायचे दहा रुपये. दिवसाला 30 मोबाइल आले तर 300 रुपये. महिन्याचे 22 दिवस धरले तर 6,600. समोरच्या दुकानदाराने ओटा वापरू दिला तर त्याचं भाडं 2,000. खणांचं जुनं लोखंडी कपाट 6,000 ला मिळालं आणि ते वर्षभरात वसूल करायचं ठरवलं, तर महिन्याला 500. उरले 4,100. ती खूश होते. नफा!

इथे शिक्षकाने एकच प्रश्न विचारायचा : तुझी मजुरी धरलीस का?

रोज सहा तास, 22 दिवस, म्हणजे 132 तास. 4,100 ला 132 ने भागलं की तासाला साधारण 31 रुपये पडतात. एखाद्या दुकानात काउंटरवर उभी राहिली असती तर याहून जास्त मिळाले असते. शिवाय एक मोबाइल हरवला तर दोन महिन्यांची कमाई गेली. 'स्वतःची मेहनत फुकट धरून मांडलेला नफा हा नफा नसतो' हे वाक्य पाठ्यपुस्तकात शंभरदा छापलं तरी डोक्यात शिरत नाही. स्वतःचे 132 तास भागाकारात बसवले की ते एका संध्याकाळी शिरतं. मग ती विचार करू लागते. नुसता मोबाइल परवडत नसेल तर जोडीला झेरॉक्स ठेवायची का? अर्ज भरून द्यायचा का? पाणी, बिस्किटं? परवानगी कुणाची लागेल? आणि एक प्रश्न असा, जो कुठल्याच स्वॉटच्या चौकटीत मावत नाही : नडलेल्या माणसाकडून किती पैसे घ्यायचे? वीस मागितले तरी तो देईल, कारण त्याला दुसरा इलाजच नाही. म्हणून घ्यायचे का? नीतीचा हा धडा व्यवसायाच्या पहिल्याच दिवशी समोर येतो, आणि वर्गात त्यावर तासभर भांडण झालं तर तो तास सत्कारणी लागला म्हणायचा.

कदाचित या हिशेबानंतर ती कल्पनाच सोडून देईल. सोडू दे. विचार करून सोडलेल्या कल्पनेला पूर्ण मार्क द्यायला काय हरकत आहे?

महोदय, हे शहर तर उद्योजकतेचं उघडं पुस्तक आहे. पाणी घ्या. हर्सूलचा तलाव इथेच आहे, जायकवाडी हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी, तरी नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहण्यात इथल्या किती पिढ्या गेल्या! त्या वाट पाहण्यातून टँकरवाला उभा राहिला, जारवाला उभा राहिला. गल्लीतल्या जारवाल्याला 'मागणी आणि पुरवठा' शिकवावं लागलं नाही. पण कॉमर्सच्या मुलांनी त्याच्याबरोबर एक दिवस टेम्पोत बसून फिरावं, एका जारमागे त्याचं डिझेल किती, वीज किती, उधारी किती आणि फुटलेले जार किती ते लिहून आणावं, असं एकाही असाइनमेंटमध्ये नसतं. तो सांगेल का सगळं? सगळं नाही सांगणार. समोरचा काय लपवतो हे कळणं हाही धंद्यातला अभ्यासच आहे.

मोठी उदाहरणं हवी असतील तर तीही गावातच आहेत. न चिकटणाऱ्या तव्याला मराठी घरात ज्या नावाने ओळखतात ते 'निर्लेप' भोगले कुटुंबाने 1968 साली याच शहरात सुरू केलं. पन्नास वर्षांनी, 2018 मध्ये, बजाज इलेक्ट्रिकल्सने तो व्यवसाय घेतला. एका नाममुद्रेची किंमत पन्नास वर्षांत कशी तयार होते आणि मराठी घरातला उद्योग शेवटी विकावा का, यावर सेमिस्टरभर चर्चा होईल. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगचं छोटं युनिट टाकलं, तीच आजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज. राहुल बजाज हे त्यांचे मामा, हेही मुलांना सांगायला हवं. प्रत्येकाला मामा बजाज मिळत नाही. पण पहिलं गिऱ्हाईक ओळखीतून मिळालं तरी पुढची गिऱ्हाइकं मालाच्या दर्जावरच टिकवावी लागतात. यशोगाथा सांगताना आपल्याकडे नेमका मामाच गाळला जातो, आणि मग बिनमामाच्या मुलाला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आणि ती मर्सिडीजची गोष्ट! ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या व्यावसायिकांनी आणि त्यांच्या मित्रांनी एकत्र येऊन एका झटक्यात सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, साधारण 65 कोटींच्या. देशभर बातमी झाली आणि श्रीमंतीचा देखावा म्हणून नाकंही मुरडली गेली. पण गाड्यांचा झगमगाट बाजूला ठेवला तर तो घाऊक खरेदीचा व्यवहार होता. एकट्याने गेलं तर शोरूमवाला जो भाव सांगेल तो खरा. दीडशे जण मिळून गेले की किंमतही खाली येते आणि बँकही व्याजाचा दर कमी करते. बचत गटातल्या बायका गव्हाचं पोतं मिळून घेतात त्यामागेही हेच गणित असतं. वर्गात दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी मांडली पाहिजेत.

आपल्या दाराशी संस्थाही कमी नाहीत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 मध्ये स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय मुंबई-पुण्यात नाही, याच शहरात आहे. 'उद्योजक' हे मासिक तेच काढतं. सीएमआयए आणि मसिआ या उद्योजकांच्या संघटना इथल्याच. 'मॅजिक'सारखी नवउद्योगांना हात देणारी संस्थाही इथे आहे. तरी बी.कॉम.ला असलेल्या बहुतेक मुलांनी यांतल्या एकाचाही उंबरठा ओलांडलेला नसतो, कारण असाइनमेंटसाठी त्याची गरजच पडत नाही.

गंमत अशी की आपल्याकडे हे विकून शिकणं लहानपणी होतं आणि मोठेपणी बंद पडतं. स्काउट-गाइडच्या मुलांना 'खरी कमाई' ठाऊक असते. जिल्हा परिषदेच्या शाळांत आनंद मेळावा भरतो. चौथीतली पोरं भेळ, ताक, उकडलेल्या शेंगा विकतात. दुपारी बारानंतर ताक उरलं की 'पाचला एक' वरून 'पाचला दोन' वर येतात. शेजारच्या स्टॉलवर गर्दी का आणि आपल्याकडे का नाही म्हणून रडवेली होतात. आईने दिलेल्या दह्याचे पैसे वजा करायचे असतात हे बाईंनी सांगितल्यावर चेहरा पडतो. दहा वर्षांनी तेच पोर बी.कॉम.ला येतं आणि आपण त्याला 'उद्योजकाची वैशिष्ट्ये सांगा, गुण 10' असं विचारतो.

'कमवा आणि शिका' हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या शिक्षणात मुरलेला आहे. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबनाचा जो वसा दिला, तो आज बहुतेक विद्यापीठं चालवतात, आपलंही चालवतं. गरीब मुलाला त्याचा मोठाच आधार आहे. पण त्यात विद्यार्थी ग्रंथालयात किंवा बागेत काम करून मानधन मिळवतो. ती मजुरी आहे, मानाची आहे, धंदा मात्र नाही. खुद्द भाऊरावांच्या आयुष्यात धंद्याचाही धडा होता. शिक्षणसंस्थेआधी त्यांनी ओगल्यांच्या आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करत गावोगाव पायपीट केली होती. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी मानत असताना तो खपवायचा, हे काम सोपं नव्हतं. अनोळखी दारात उभं राहून नकार ऐकायची जी सवय लागते, ती पुढे संस्थेसाठी धान्य आणि देणग्या गोळा करताना त्यांच्या कामाला आली नसेल का?

बाहेर पाहिलं तरी हेच दिसतं. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2019 मध्ये नववी ते बारावीसाठी उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला. पुढे 'बिझनेस ब्लास्टर्स' या नावाने अकरावी-बारावीच्या मुलांना प्रत्येकी 2,000 रुपये बीजभांडवल देऊन गटागटाने धंदा करायला सांगितलं गेलं. त्याचा टीव्हीवर कार्यक्रमही झाला. तेवढा तमाशा इथे नको, पण दोन हजारांची कल्पना उचलण्यासारखी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टीना सीलिग यांनी तर विद्यार्थ्यांच्या गटांना फक्त पाच डॉलर आणि दोन तास दिले, आणि वर्गापुढे सादरीकरणाला प्रत्येक गटाला तीन मिनिटं. ज्या गटाने सर्वांत जास्त, 650 डॉलर मिळवले, त्याने पाच डॉलरना हातही लावला नव्हता. आपल्या वाट्याची ती तीन मिनिटं, या विद्यार्थ्यांना नोकरीवर घेऊ पाहणाऱ्या एका कंपनीला त्यांनी जाहिरातीसाठी विकली! गोष्ट चटकदार आहे, पण जपून वापरावी. स्टॅनफर्डचा वर्ग विकत घ्यायला कंपनी तयार होते, हर्सूलच्या मुलीचा वर्ग कोण घेणार? म्हणून तर आपल्या असाइनमेंट आपल्या मातीतून काढायच्या. नवरात्रात हर्सिद्धीची यात्रा भरते तेव्हा पहिलं सेमिस्टर ऐन रंगात असतं. यात्रेत जागा मिळवायची, माल भरायचा, उरलेल्याचं काय करायचं ते ठरवायचं. याहून चांगली प्रयोगशाळा कुठली?

कॉलेजातली खटपट पुढे कुठे जाते याचं एक मराठी उदाहरण सांगून हा भाग संपवतो. पुण्यात इंजिनिअरिंग शिकताना कपिल शेळके आणि त्यांचे मित्र विजेवर चालणारी रेसिंगची मोटरसायकल बनवण्याच्या नादाला लागले. 2009 मध्ये आइल ऑफ मॅनच्या विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत त्यांची गाडी आपल्या गटात तिसरी आली. त्यातून 'टॉर्क मोटर्स' उभी राहिली. रस्त्यावर विकायची 'क्रेटॉस' मात्र बाजारात आली 2022 मध्ये. प्रोजेक्ट आणि पहिलं गिऱ्हाईक यांत तेरा वर्षं. मुलांना शर्यतीचा फोटो सगळेच दाखवतात. मधल्या वर्षांत पैसे कुठून आणले आणि पगार कसे भागवले, ते त्यांना विचारायला शिकवलं पाहिजे.

आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. सगळ्यात मोठा शिक्षकांचा. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला स्वतःचंच मानधन वेळेवर मिळेल याची खात्री नसते, त्याने ऐंशी मुलांचे धंदे तपासायचे कधी? यावर 'उत्साह असला की होतं' हे उत्तर लबाडीचं आहे. गटाने काम द्यावं लागेल, त्याचे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजावे लागतील आणि तपासायला बाहेरची माणसं आणावी लागतील. बहिःस्थ परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजचा प्राध्यापक येण्याऐवजी जाधववाडी बाजारातला अडत्या किंवा गुलमंडीवरचा कापडवाला का येऊ नये? पाच मिनिटांत तो खोटी विक्री पकडेल. दुसरा आक्षेप पालकांचा, विशेषतः मुलींच्या पालकांचा : 'पोरगी रस्त्यावर उभी राहून विकणार?' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. गट, वेळ आणि जागा ठरवून द्यावी, कॉलेजचं ओळखपत्र आणि पत्र सोबत असावं. तिसरा आक्षेप कायद्याचा. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी आली, पाकीटबंद माल असेल तर वजन, किंमत, तारीख छापणं आलं. ही अडचण नाही, हा अभ्यासक्रम आहे. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. तिच्यासाठी दलालाला पैसे न देता अर्ज कसा भरायचा, एवढं जरी मुलाला आलं तरी त्याच्या घरच्या पिठाच्या गिरणीला उपयोग होईल. मुद्रा योजनेत 'शिशु' कर्ज 50,000 रुपयांपर्यंत मिळतं हे तो तोंडपाठ सांगतो, पण बँकेच्या साहेबासमोर बसून 'परतफेड कशी करणार?' या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. ती वर्गात आणता येते.

राहता राहिला मार्कांचा प्रश्न. नफ्याला मार्क दिले तर मुलं मामाला माल विकतील आणि नफा दाखवतील. म्हणून मार्क हिशेबाला द्यावेत. रोजची वही, कोणी का घेतलं, कोणी का नाकारलं, भाव कधी आणि का बदलला, उधारी किती बुडाली. तोटा झाला तर तो का झाला, हे दोन पानांत, स्वतःच्या अक्षरात. ते झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही.

तेव्हा मागणी अशी आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून निदान दहा कॉलेजांत, शहरातल्या पाच आणि फुलंब्री-सिल्लोडसारख्या तालुक्यांच्या ठिकाणच्या पाच, उद्योजकतेच्या दोन क्रेडिटच्या विषयात लेखी प्रकल्प अहवाल रद्द करून प्रत्यक्ष विक्रीची असाइनमेंट सुरू करावी. प्रत्येक गटाला परत करण्याच्या बोलीवर 2,000 रुपयांपर्यंत भांडवल द्यावं, आणि बुडालं तर विद्यापीठाने ते सोसावं. मूल्यमापनाच्या समितीत एक तरी माणूस असा असावा, ज्याने आयुष्यात स्वतःच्या पैशांनी दुकान उघडलं आहे. वर्षअखेरीस या दहा कॉलेजांच्या हिशेबाच्या वह्या, तोट्यासकट, सर्वांना पाहायला खुल्या कराव्यात.

हा विषय विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत घ्यावा आणि वाणिज्याच्या अभ्यास मंडळाकडून त्यावर एका महिन्यात अहवाल मागवावा, ही विनंती.

आपला,
हर्सूलचा एक रहिवासी